मागच्या आसाचा पीळ

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीत, उन्हे कलल्यावर, माझ्या छोट्या क्रॉलर गाडीच्या मागच्या बाजूने अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एक कोरडा आवाज आला. रिमोट भाचीच्या हातात होता. गाडीचे मागचे उजवे चाक दोन धोंड्यांमधल्या खाचेत पाचरीसारखे बसले होते, डावे चाक हवेत होते, आणि तिने बोट ट्रिगरवरून न काढता मोटरला आणखी दीड-दोन सेकंद जोर लावू दिला. "मामा, डावं चाक हवेत फिरतंय, उजवं मात्र हलतच नाही," ती म्हणाली. चूक तिची नव्हती. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, आणि त्याआधी अनेकदा केलेही होते. घरी आल्यावर चाक काढले, तर मागच्या ॲक्सलचा, म्हणजे आसाचा, उजवा शाफ्ट (दांडा), चाक अडकवण्याच्या पिनसाठी पाडलेल्या भोकापाशी, दोन तुकड्यांत हातात आला. पुढचे सात-आठ महिने मोकळ्या वेळातला माझा बराचसा विचार त्या बोटभर लांबीच्या पोलादी काडीभोवती फिरत राहिला.

ही गाडी पाहणारा पहिला प्रश्न "किती वेगाने पळते?" असा विचारतो, आणि उत्तर ऐकून हिरमुसतो. रॉक क्रॉलर पळत नाही, तो चढतो. मूळ जीपच्या एक-दशांश आकाराची, सुमारे तीन किलो वजनाची, चार चाकांची ही गाडी रिमोटवर खडकांवरून मुंगीच्या चालीने नेण्याचा हा छंद आहे. माझ्या गाडीत मोटरच्या साधारण चाळीस फेऱ्या झाल्यावर चाकाची एक फेरी पुरी होते. दातेरी चाकांनी वेग जितका कमी केला, तितका चाकापाशी पिळाचा जोर वाढतो, आणि हा वाढलेला जोर सर्वांत शेवटी ज्या भागातून जातो तो भाग म्हणजे ॲक्सलचा शाफ्ट. त्याच्या पलीकडे फक्त चाक आणि खडक उरतात.

मोडतो तो बहुधा मागचाच, कारण चढावर गाडीचे वजन मागे सरकते. उभ्या धोंड्यावर नाक वर करून गाडी लटकते, तेव्हा पुढची चाके दगडाला जेमतेम चाटत असतात आणि सारा भार मागच्या दोन चाकांवर, कधी कधी त्यांतल्या एकाच चाकावर, येऊन पडतो. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट या बाबतीत उदारही आहे आणि निर्दयही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड, पृष्ठभागावर वायूच्या बुडबुड्यांची बारीक भोके असलेला, मऊ रबराच्या टायरला इतका घट्ट धरतो की गाडी अशक्य वाटणारे उतार चढून जाते. खाणीत मात्र हाच दगड फुटून धारदार कडांचा होतो, त्याच्या कडांमध्ये खाचा राहतात, आणि चाक अडकते ते या खाचांमध्ये.

मला लहानपणी पाहिलेल्या बैलगाडीचा आस आठवला. तो जाड होता, पण त्याचे काम एका अर्थाने सोपे होते. बैल गाडी ओढतात, चाके आसाभोवती फिरतात, आस स्वतः फिरत नाही. त्याला फक्त भार पेलायचा असतो, म्हणजे वाकायचे नसते. क्रॉलरच्या शाफ्टला भारही पेलायचा असतो आणि मोटरचा पीळही चाकापर्यंत पोहोचवायचा असतो. 'ॲक्सल मजबूत पाहिजे' असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बैलगाडीचा आस असतो, आणि त्यामुळे आपण जाडीकडे आणि वजनाकडे पाहतो, पिळाकडे पाहत नाही. माझ्या पहिल्या दोन चुका नेमक्या यातूनच झाल्या.

रस्त्यावरच्या गाडीत मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. एक चाक हवेत असेल तर त्याला जोर लागतच नाही, आणि म्हणून दुसऱ्यालाही तो मिळत नाही. चिखलात रुतलेल्या मोटारीचे एकच चाक गरगर फिरताना आपण पाहिलेले असते, ते यामुळे. खडकावर असे चालत नाही, म्हणून क्रॉलरमध्ये डिफरन्शियलच्या जागी दोन्ही शाफ्टना कायमचे एकत्र बांधणारा ठोकळा असतो, ज्याला स्पूल किंवा लॉकर म्हणतात. त्यामुळे एक चाक हवेत असले तरी दुसरे चढते. या सोयीची किंमत अशी की, जे चाक दगडाला भिडलेले आहे त्याच्या एकट्या शाफ्टमधून मोटरचा सगळा जोर जातो. साधे डिफरन्शियल शाफ्टला कधी न मागता वाचवत असते. स्पूल वाचवत नाही.

हा जोर किती, हे कळल्याशिवाय नवा भाग निवडायचा नाही असे मी ठरवले. गिअरबॉक्समधून पुढच्या ॲक्सलकडे जोर नेणारा दांडा, म्हणजे पुढचा ड्राइव्हशाफ्ट, काढून टाकला, म्हणजे सगळी शक्ती मागे जाईल. गाडी व्हाइसमध्ये नीट आवळली, उजव्या टायरभोवती दोरी गुंडाळून तिचे टोक प्रवासाच्या बॅगा मोजण्याच्या डिजिटल काट्याला बांधले, आणि तीन सेलची पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावून ट्रिगर दाबला. मोटर जळू नये म्हणून प्रत्येक वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबला नाही. काट्याने अकरा किलोच्या आसपास आकडा दाखवला. टायरची त्रिज्या ५८ मिलिमीटर, म्हणजे शाफ्टवरचा पीळ सुमारे सव्वासहा न्यूटन-मीटर (पीळ मोजण्याचे एकक). उलट, गाडीचे सगळे तीन किलो वजन त्या एका चाकावर आहे आणि रबराची पकड उत्तम आहे असे धरले, तरी चाक घसरण्याआधी शाफ्टवर येऊ शकणारा पीळ फक्त १.७ न्यूटन-मीटर भरतो.

हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर मी थोडा वेळ नुसता बघत बसलो. चाक मोकळे असते तोवर शाफ्टला मोटरच्या पूर्ण जोराचा जेमतेम चौथा हिस्सा सोसावा लागतो, कारण त्याआधी टायर घसरतो. घसरणे म्हणजे अपयश असे समजून आम्ही अधिक मऊ टायर घेतो, टायरमधला फोम बदलतो, चाकांत वजन घालतो. आणि खरे पाहता ते घसरणेच शाफ्टचे रक्षण करत असते. चाक खाचेत पाचर होऊन बसले की हे रक्षण संपते आणि चौपट जोर येतो. शाफ्ट पकडीने मोडत नाही, तो अडकण्याने मोडतो.

पाच मिलिमीटर व्यासाच्या भरीव शाफ्टवर सव्वासहा न्यूटन-मीटर म्हणजे पृष्ठभागावर सुमारे २५५ मेगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) इतका पिळाचा ताण. साधे माइल्ड स्टील ओढले असता साधारण २५० मेगापास्कलला कायमचे लांबू लागते, आणि पिळाला त्याची सोसण्याची ताकद याच्या ०.५८ पट, म्हणजे १४५च्या आसपास असते. अशा पोलादाचा शाफ्ट पहिल्याच अडकण्यात पिळला जाणार, हे उघड आहे. शिवाय त्या शाफ्टला टोकाशी दोन मिलिमीटरचे आडवे भोक आहे, त्यात पीन बसते आणि ती पीन चाकामागच्या बारा मिलिमीटरच्या षटकोनी हबला धरते. भोकाच्या काठाशी ताण एकवटतो आणि भरीव भागापेक्षा दुपटीहून अधिक होतो. तुकडे नेमके तिथे का पडले, याचे उत्तर या आकड्यांतच होते.

तुटलेल्या तोंडाकडे नीट पाहायला मला भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांनी शिकवले. त्यांच्याकडे मी दुसरा शाफ्ट मोडल्यावर गेलो, म्हणून आधी त्या दुसऱ्याची गोष्ट सांगायला हवी. पहिला मोडल्यावर मी बाजारातून 'हार्डन्ड' असे छापलेली एक जोडी मागवली. वर्णनात किती कडक, कोणते पोलाद, यातले काहीच नव्हते, फक्त तो एक शब्द होता आणि किंमत मूळ भागाच्या अडीचपट होती. ती जोडी तीन रविवार टिकली. या वेळी चाक धड अडकलेही नव्हते. गाडी एका कड्यावरून उतरताना वीतभर खाली आपटली, आणि ट्रिगर अर्धाच दाबलेला असताना शाफ्ट गेला.

काकांनी दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिला उचलला. त्याचे तोंड सपाट, जणू करवतीने कापल्यासारखे होते, आणि भोकाच्या अलीकडे शाफ्टवरच्या यंत्राच्या बारीक रेघा तिरक्या वळलेल्या होत्या. "हा मऊ होता, साहेब. आधी पिळला, मग तुटला." दुसऱ्याचे तोंड तिरपे होते, अर्ध्या वेढ्यासारखे वळत गेलेले, आणि कणीदार चमकत होते. त्यांनी खिशातून खडू काढला, दोन्ही हातांनी पिळून मोडला आणि माझ्यापुढे धरला. खडूचे तोंड दुसऱ्या शाफ्टसारखेच पंचेचाळीस अंशांत तिरपे होते. "ह्याला पाणी जास्त झालं," ते म्हणाले. लोहार विळ्याला पाणी देतो त्याच अर्थाने त्यांनी तो शब्द वापरला. मग कानस घेऊन दुसऱ्या तुकड्यावर फिरवली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली. पहिल्यावर तिने लगेच चांदीसारखी रेघ ओढली.

कॉलेजात मी हे शिकलो होतो. मऊ, चिवट धातू पिळाखाली आडवा सरळ तुटतो, कारण तो कातरला जातो. ठिसूळ धातू तिरपा तुटतो, कारण तो त्या दिशेने ओढला जाऊन फाटतो. परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. पण दहा रुपयांच्या पाकिटातला खडू हातात येईपर्यंत ते ज्ञान माझ्या उपयोगाचे नव्हते. "सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही" या म्हणीचा शब्दशः पुरावा पहिल्या तुकड्याच्या रूपाने टेबलावर पडला होता: शाफ्ट मेला, पण मरण्याआधी सोसलेला पीळ त्याच्या अंगावर तसाच राहिला. दुसऱ्याच्या अंगावर पिळाची एकही खूण नव्हती. तो काहीही न सोसताच गेला.

यानंतर जे ठरले ते असे. शाफ्ट ईएन २४ या पोलादात करायचा. हे ईएन क्रमांक बीएस ९७० या ब्रिटिश मानकातले, युद्धकाळापासूनचे. आपल्याकडच्या लेथवर अजून तेच बोलले जातात. ईएन ८ हे साधे कार्बन पोलाद, ईएन १९ मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, आणि ईएन २४ मध्ये त्यांच्या जोडीला सुमारे दीड टक्का निकेल. परदेशी भागांच्या पाकिटांवर 'क्रोमोली' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते ते बहुधा ४१४० या अमेरिकी क्रमांकाचे किंवा तत्सम पोलाद असते, आणि आपल्या ईएन १९ शी त्याचे जवळचे नाते आहे. ४३४० चे नाते ईएन २४ शी. आठशे तीस ते साडेआठशे अंशांपर्यंत तापवून तेलात विझवायचे, आणि मग पुन्हा तापवून ती कडकी थोडी उतरवायची, इतकी की रॉकवेल सी मोजपट्टीवर चाळीसच्या आसपास यावी. त्या कडकपणाला कानस लागते, पण नाखुशीने. असे पोलाद माइल्ड स्टीलच्या कितीतरी पट पीळ सोसते, आणि त्यापलीकडे गेल्यावर खडूसारखे न फाटता वळते.

जाडी वाढवावी असा माझा हट्ट होता. पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. पाचाचा सहा मिलिमीटर केला की ती १.७३ पट होते आणि तोच ताण २५५ वरून १४८ मेगापास्कलवर येतो. हिशेब बिनचूक होता. बेअरिंगचाही मार्ग सापडला होता: माझ्या गाडीत ५×१०×४ मापाचे (आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी) बेअरिंग होते, आणि बाजारात ६×१०×३ मापाचेही मिळते, म्हणजे बाहेरचा व्यास तोच राहतो आणि एक मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ चकती, टाकली की जागा भरते. बेअरिंगची भिंत पातळ होते आणि आतले गोळे लहान होतात हे खरे, पण तीन किलोच्या गाडीला ते चालण्यासारखे वाटले.

काकांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हबचं भोक किती?" पाच. म्हणजे शाफ्ट मध्ये सहाचा केला तरी टोकाला पाचाचाच करावा लागणार, आणि पिनचे भोक त्या पाचाच्या भागातच पडणार. मोडण्याची जागा तशीच्या तशी राहणार. उलट सहावरून पाचावर उतरणारी पायरी ही ताण एकवटण्याची आणखी एक जागा तयार होणार. पाकिटांवर 'सहा मिलिमीटर हेवी ड्यूटी' असे लिहून विकले जाणारे शाफ्ट पुढे मी दोन-तीन ठिकाणी पाहिले, आणि प्रत्येकाचे टोक पाचाचेच होते. खरेदी करणाऱ्याची नजर जिथे जाते तिथे जाडी वाढवलेली, आणि शाफ्ट जिथे मोडतो तिथे काहीच बदललेले नाही. मीही अगदी असाच गिऱ्हाईक होतो.

म्हणून व्यास पाचच ठेवला. पिनच्या भोकाच्या दोन्ही काठांना बारीक गोलाई दिली, कारण धारदार काठापासूनच भेग सुरू होते. आतल्या टोकाला, स्पूलमध्ये बसण्यासाठी शाफ्टचा आकार जिथे बदलतो, तिथे काटकोनी खाच न ठेवता अर्ध्या मिलिमीटरची त्रिज्या ठेवली. काकांनी हे न सांगता केले. मला ते मायक्रोमीटर लावताना दिसले. चार शाफ्ट केले, दोन गाडीत, दोन राखीव. मजुरी आणि हार्डनिंगचा खर्च धरून एक शाफ्ट आयात केलेल्या चांगल्या शाफ्टपेक्षा महागच पडला, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. एवढ्या लहान कामासाठी कोणाही शहाण्या माणसाने भोसरीची खेप करू नये.

पिनबद्दल मात्र मी काकांचे न ऐकता प्रयोग केला. सव्वासहा न्यूटन-मीटरला पाच मिलिमीटरच्या शाफ्टमध्ये पिनच्या प्रत्येक बाजूला सुमारे साडेबाराशे न्यूटनचा जोर येतो; दोन मिलिमीटरच्या पिनच्या आडव्या छेदावर तो चारशे मेगापास्कल होतो. कडक पीन तो सोसते, मऊ पीन कातरली जाते. मग मुद्दाम मऊ पीन घालावी, म्हणजे चाक अडकले की दोन रुपयांची पीन जाईल आणि शाफ्ट वाचेल, अशी माझी कल्पना होती. पीन ठरल्याप्रमाणे गेली. पण कातरलेल्या पिनचा मधला तुकडा शाफ्टच्या भोकात घट्ट बसून राहिला, त्याच्या दोन्ही टोकांना बारीक कंगोरे आले, आणि चाक हबसकट शाफ्टवरून निघेना. खाणीत बसून ते निघणे शक्य नव्हते. घरी व्हाइस, पंच आणि हातोडी घेऊन अर्धा तास लागला. शिवाय गाडी उचलून दीड किलोमीटर चालत आणावी लागली. "मामा, पुढच्या वेळी पिशवी घेऊन येऊ या," एवढेच भाची म्हणाली.

दरम्यान शाफ्ट टिकू लागल्यावर जोर पुढच्या नाजूक जागेकडे गेला, म्हणजे ॲक्सलच्या पोटातल्या दातेरी जोडीकडे. ड्राइव्हशाफ्टच्या टोकावरचा लहान पिनियन आणि स्पूलवरचे मोठे कडे, यांची ही जोडी. माझ्या पिनियनचे दोन दात सोलल्यासारखे गेले. इथे निवड करताना दातांची संख्या बघावी लागते आणि तिच्यात एक चकवा आहे. उदाहरणार्थ, ॲक्सियल कंपनीच्या 'रेथ' या क्रॉलर गाडीत कड्याला ३८ आणि पिनियनला १३ दात असतात, म्हणजे २.९२ चे गुणोत्तर; ॲक्सलच्या त्याच घरात, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसणारी ४३ आणि १३ ची जोडीही मिळते, तिचे ३.३१ होते. मोठे गुणोत्तर घेतले की ड्राइव्हशाफ्टवरचा जोर कमी होतो आणि गाडी आणखी सावकाश चालते, म्हणून ते अधिक 'मजबूत' वाटते. पण कड्याचा घेर तेवढाच राहून दात वाढले की प्रत्येक दात बारीक होतो, आणि चाकाकडून येणारा जोर तर त्या कड्यावर तेवढाच असतो. मी गुणोत्तर बदलले नाही. कडक पोलादाची, तिरप्या दातांची तीच जोडी घेतली.

त्याहून महत्त्वाचे काम फुकटात झाले. ॲक्सलचे घर काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असते. जोर आला की ते किंचित फुगते, पिनियन कड्यापासून दूर ढकलला जातो, आणि दात पूर्ण उंचीवर न भिडता नुसत्या शेंड्यावर भिडतात. शेंड्यावर भिडलेला दात मोडणारच. मी दातांवर प्रशियन ब्लू हा खूण उमटवणारा निळा रंग लावून जोडी हाताने फिरवली, तर निळा डाग खरोखरच शेंड्याशी आणि एका कडेला पुसला गेला होता. स्पूलमागे ०.१ मिलिमीटरच्या दोन शिम घातल्यावर डाग दाताच्या मध्यावर आला. कदाचित जुनी जोडीही या शिमांनी वाचली असती. ही शंका मनात घेऊनच मी नवी जोडी बसवली, कारण ती आधीच विकत घेतलेली होती.

घरच धातूचे करावे का, हा प्रश्न यानंतर साहजिकच आला. बाजारात ॲल्युमिनियमची आणि पितळेची घरे मिळतात, आणि दिसतात इतकी देखणी की हात आपोआप पुढे होतो. पितळाची घनता साडेआठच्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. पितळेचे वजन खाली आणि पुढच्या ॲक्सलवर असले तर गाडीचे नाक चढावर दबून राहते, म्हणून पुढे ते उपयोगी पडते. मागे तेच वजन घातले, तर आधीच मागे सरकणारा तोल आणखी मागे जातो आणि उभ्या चढावर गाडी पाठीवर उलटते. ॲल्युमिनियम हलके आहे आणि फुगत नाही हे खरे, पण नायलॉनचे घर खडकावरून साबणासारखे घसरते, आणि ॲल्युमिनियम बेसॉल्टच्या कडेला चावा घेऊन अडकते. अडकणे हेच तर शाफ्ट मोडण्याचे कारण. मी नायलॉनचेच घर ठेवले, फक्त कड्यासमोरचे झाकण ॲल्युमिनियमचे लावले, म्हणजे आतली जागा ताठ राहील.

या चर्चेत कोणीतरी पोर्टल ॲक्सलचे नाव काढतोच, आणि ते योग्यही आहे. मर्सिडीजच्या युनिमॉगमध्ये प्रसिद्ध झालेली ही रचना २०१७ मध्ये आलेल्या ट्रॅक्सस कंपनीच्या टीआरएक्स-४ या रिमोट गाडीमुळे क्रॉलरवाल्यांच्या घराघरांत पोहोचली. तिच्यात वेग कमी करण्याचा शेवटचा टप्पा चाकापाशीच, एका छोट्या पेटीत असतो, त्यामुळे लांब शाफ्ट आणि मधली दातेरी जोडी यांच्यावरचा पीळ कमी होतो, आणि ॲक्सलचे पोट खडकापासून उंच राहते. पण त्या पेटीतून चाकाकडे जाणारा आखूड दांडा चाकाचा पूर्ण पीळ सोसतो, आणि त्यालाही पीन असते. माझ्या दुखण्याची जागा त्याने सुटत नाही. शिवाय उंची वाढते आणि तिच्याबरोबर उलटण्याची सवयही. मी मोह आवरला. अर्थात त्यात खिशाचाही वाटा होता.

शेवटी मोडायला जागा दिली ती ड्राइव्हशाफ्टमध्ये. गिअरबॉक्समधून मागे येणारा हा दांडा दातेरी जोडीच्या आधी येतो, म्हणून त्याच्यावरचा पीळ चाकाच्या तुलनेत एक-तृतीयांश, दोन न्यूटन-मीटरच्या थोडा वर असतो. त्याच्या सांध्यातला तीन मिलिमीटरचा स्क्रू काढून तिथे पोकळ बुश (छोटी नळी) आणि तिच्यात आरपार पितळी पीन बसवली. दोन मिलिमीटरची पीन मोडेना. दीड मिलिमीटरची, हिशेबाने २४० मेगापास्कलच्या आसपास, चाक घट्ट अडकले की तुटते आणि एरवी टिकते. बुशमुळे तुटलेले तुकडे बाहेरच्या बाजूला सैल राहतात आणि दात कोरायच्या काडीने ढकलले तरी पडतात. पीन गेली तरी पुढची चाके चालू असतात, त्यामुळे गाडी उतारावरून आपल्या पायांनी खाली येते. आता भाचीच्या कंपासपेटीत अशा वीस पिना असतात, आणि आवाज आला की ती माझी वाट न बघता गाडी उलटी करून बसते.

शाफ्ट गाडीत बसवण्याआधी काकांच्या सांगण्यावरून मी प्रत्येकावर सुईने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढून ठेवली होती. पाच महिन्यांनी, गेल्या आठवड्यात, दोन्ही बाहेर काढून भिंगाखाली धरले. उजव्यावरची रेघ सरळ आहे. डाव्यावरची रेघ पिनच्या भोकाच्या अलीकडे केसभर कललेली आहे, इतकी थोडी की भाचीला ती आधी दिसली नाही आणि मग एकदा दिसल्यावर दुसरे काही दिसेना. पितळी पीन बसवण्यापूर्वीच्या दोन-तीन रविवारांत केव्हातरी तो पिळला गेला असावा. किंवा दीड मिलिमीटरही जास्त असेल. राखीव शाफ्ट डावीकडे बसवला आहे, आणि कललेला शाफ्ट काकांना दाखवायला खिशात ठेवला आहे. भोसरीला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी जाणार आहे.